दोघांत एक

बाबांचा एक नियम होता आणि आम्ही मोठे होईपर्यंत त्यांनी तो मोडला नाही, खेळणं आणायचं ते दोघांत एक. कपडे वेगळे, दप्तरं वेगळी, अंथरुणं वेगळी, पण बॅट एक, कॅरम एक, सायकल एक, आणि टीव्ही तर काय अख्ख्या घरात मिळूनच एक. बाबा बँकेत क्लार्क, आई शाळेत शिकवायची, सांगलीत भाड्याच्या घरात राहायचो, त्यामुळे नियमामागे पैशाचं कारण होतंच, पण तेवढंच नसावं असं मला आता वाटतं. बाबा स्वतः चौघं भावंडं, त्यांच्यात लहानपणी एकच भोवरा होता म्हणे, आणि त्या भोवऱ्याच्या गोष्टी काका-आत्या जमले की अजून एकमेकांचं वाक्य तोडत सांगत बसतात.

मी मोठी, चिनू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आणि आता मागे वळून बघते तर जाणवतं की मला जे जे नीट आठवतंय ते सगळं चिनूबरोबरचं आहे. आत्याने मला एकटीला एक बाहुली दिली होती, आडवी केली की डोळे मिटायची, महागातली होती, ती होती एवढंच आठवतं. तिचं नाव काय ठेवलं होतं, ती गेली कुठे, काही नाही. उलट जत्रेतल्या दहा-पंधरा रुपयांच्या पत्र्याच्या बोटीचा वाससुद्धा आठवतो. मे महिन्यात चिनू मामाकडे इचलकरंजीला जायचा तेव्हा मी एकटी टीव्ही बघायचे, मनसोक्त, कोणी भांडायला नाही, आणि त्या सुट्ट्यांमधलं एकही कार्टून माझ्या डोक्यात उरलेलं नाही. दोघांनी मिळून बघितलेलं मात्र डायलॉगसकट पाठ आहे. माझं तर ठाम मत झालंय की लहानपणीची आठवण पक्की व्हायला दुसरं माणूस लागतं, जे मध्येच म्हणेल, तसं नव्हतं गं, असं होतं.

तर रविवार. ज्यांचं लहानपण 1990च्या दशकात गेलं त्यांना रविवार सकाळ वेगळी सांगायला नको. आमच्याकडे आंघोळ झाल्याशिवाय टीव्हीचं शटर उघडायचं नाही असा आईचा दंडक, शटर म्हणजे खरंच लाकडी शटर, टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट आणि तो लाकडी खोक्यात, त्याला दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या पट्ट्यांचं दार. रविवारी माझे केस शिकेकाईने धुवायचे असायचे, त्याला वेळ लागायचा, आणि बाहेरून चिनूची हाक, ताई लवकर, मुंग्या गेल्या, मुंग्या गेल्या, म्हणजे अँटेना जुळली. मी डोक्याला पंचा गुंडाळून तशीच येऊन बसायचे. पोह्यांची ताटली मांडीवर. पाठीवर केसांचं पाणी ठिबकतंय, फ्रॉक ओला झालाय, आई मागून ओरडतेय सर्दी होईल म्हणून, आणि समोर मोगली, जंगलात लांडग्यांनी वाढवलेला पोरगा.

जंगल बुक दूरदर्शनवर आलं ते 1993 च्या आसपास, आणि ते जपानी होतं हे आम्हाला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. निप्पॉन अॅनिमेशन नावाच्या कंपनीने केलेली 52 भागांची मालिका ती, आपल्याकडे हिंदीत डब होऊन आली, गाणं गुलजारांनी लिहिलं आणि चाल विशाल भारद्वाजची, आणि ते गाणं इतकं आपलं झालं की मूळ जपानी मालिकेत ते नाही हे ऐकून मला अजूनही पटत नाही. मूळ गोष्ट लिहिणारा किपलिंग मुंबईतच जन्मला, 1865 साली, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, त्याचे वडील तिथे शिकवायचे. आणि गोष्टीतलं जंगल म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी, आपल्या नागपूरकडच्या पेंचला लागूनच. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या साहेबाने विदर्भाच्या शेजारचं जंगल इंग्रजीत लिहिलं, जपान्यांनी त्याची चित्रं केली, आणि ते हिंदी बोलत सांगलीत आमच्या भाड्याच्या खोलीत आलं. हे सगळं नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त एवढंच माहीत होतं की मोगली आपला आहे.

आणि त्यातल्या शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकरचा. हे आम्हाला बाबांनी सांगितलं. बाबांना कार्टूनचं काही पडलेलं नसायचं, रविवारी ते आरसा खिडकीला अडकवून दाढी करत असायचे, एकदा शेरखान बोलायला लागला आणि बाबा गालाला साबण तसाच ठेवून आत आले, म्हणाले, अरे हा तर नाना आहे की. त्यानंतर दर रविवारी शेरखान आला की चिनू आत जाऊन बाबांना बोलवून आणायचा, बाबा, नाना आला. आणि बाबा यायचे. शेरखान गेला की ते परत आरशाकडे. शेरखानची खरी भीती आम्हाला कधी वाटली नाही ती याच्यामुळे, घरच्यांच्या ओळखीतला वाटायचा तो.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट असल्यामुळे एक भांडण कायमचं होतं, ते म्हणजे कोणाचा रंग कोणता. बगीरा बिबळ्या काळाच, त्याच्यावर एकमत. पण ‘का’ नावाचा अजगर हिरवा की पिवळा, मोगलीची चड्डी कुठल्या रंगाची, बालू काळं अस्वल की तपकिरी, याच्यावर आमच्यात अबोला धरण्यापर्यंत मजल जायची. चिनूने एकदा माझ्या भूगोलाच्या वहीमागे त्याच्या मताप्रमाणे सगळ्यांना खडूने रंगवून ठेवलं होतं, बाईंनी विचारलं हे काय म्हणून. पुढे शेजारच्या काकूंकडे कलर टीव्ही आला आणि त्यांनी आम्हा दोघांना रविवारी बोलावलं. आम्ही गेलो, बघितलं, सगळ्यांचे खरे रंग कळले, आणि परत येताना दोघंही गप्प होतो. पुढच्या रविवारी काकूंनी बोलावलं तरी गेलो नाही. आपल्या घरातला मोगली वेगळा होता.

मोगलीकडे बूमरँग होतं. आता हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल की या एका गोष्टीने त्या वेळच्या पोरांना किती वेड लावलं होतं. फेकायचं आणि ते परत आपल्याच हातात. आम्ही लाकडाचं करून बघितलं, पट्टी वाकवून बघितली, आईच्या कपड्यांच्या हँगरची वाट लागली. मग चिनूला लग्नपत्रिकेचा शोध लागला. वैशाखात घरात पत्रिकांचा ढीग साठायचा, आई त्या जपून ठेवायची कारण पुठ्ठा चांगला असतो, शाळेच्या हस्तकलेला लागतो. जाड, गुळगुळीत, हळदीकुंकवाचे डाग पडलेला तो पुठ्ठा काटकोनात कापायचा, दोन्ही हात सारखे, टोकं गोल करायची, आणि टोकांना अंगठ्याने अगदी हलका वर पीळ द्यायचा. पीळ जास्त झाला की ते जागेवरच गरगरतं, कमी झाला की सरळ निघून जातं. मग वही तिरकी धरायची, तिच्या कडेवर बूमरँग असं ठेवायचं की एक हात बाहेर राहील, आणि त्या हाताला बोटाने टिचकी. ते भिरभिरत कपाटापर्यंत जायचं, वळायचं, आणि परत यायचं. खरंच यायचं. पहिल्यांदा आलं तेव्हा चिनू इतका दचकला की पकडायचं विसरला आणि ते त्याच्या कपाळाला लागून खाली पडलं, त्यावर छापलेलं चि. सौ. कां. अजून वाचता येत होतं.

मग नियम ठरला, एकाने टिचकी मारायची, दुसऱ्याने पकडायचं. एकट्यानेच दोन्ही करायचं नाही, त्यात मजा नाही असं चिनूचं म्हणणं.

त्याच काळात एकदा चिनूला कांजिण्या आल्या. त्याला मागच्या खोलीत ठेवलं, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, आणि मला आत जायला सक्त मनाई. टीव्ही पुढच्या खोलीत. रविवार आला. मागच्या खोलीतून तो रडतोय, आणि मी मोगली बघतेय, एकटी. तेव्हा मला काय सुचलं देव जाणे, कार्टून संपल्यावर मी मधल्या दाराच्या पडद्याला टेकून बसले आणि त्याला सगळा भाग सांगितला. आवाज काढून, शेरखान, बालू, सगळे. तो पडद्यापलीकडून विचारायचा, मग, मग काय झालं? आणि भाग संपला तरी त्याचं मग संपेना. मग मी पुढे माझ्याकडचं घालायला लागले. सांगलीत आदल्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बरंच चढलं होतं, आयर्विन पुलावरून आम्ही ते बघायला गेलो होतो, तर मी मोगलीच्या जंगलात पूर आणला. नदी वाढली, लांडग्याची पिल्लं एका खडकावर अडकली, मोगलीने वेलीचा दोर केला, बालूने तो दातात धरला, आणि बगीरा पलीकडच्या काठावरून ओढतोय. दार आणि पडदा मध्ये असताना मी ते असं काही सांगितलं की आईसुद्धा स्वयंपाकघरातून ऐकत उभी राहिली.

आता गंमत बघा. मध्यंतरी चिनूने ती सगळी मालिका इंटरनेटवर शोधून काढली आणि मला फोन केला, ताई, तो पुराचा भाग सापडत नाहीये. मी म्हटलं कुठला पुराचा? तर म्हणाला, अगं तो नाही का, पिल्लं खडकावर अडकतात, बालू दातात दोर धरतो, मला तर तो सगळ्यात जास्त आठवतो. त्याला ते दिसतं. बगीराचे पाय चिखलात कसे घसरत होते ते त्याने मला वर्णन करून सांगितलं, आणि घसरणारे पाय मी सांगितले नव्हते, ते त्याचे स्वतःचे. मी त्याला सांगितलं की अरे तो भाग नाहीच, तो मी रचला होता पडद्याआडून. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, असू दे, तरी तो सगळ्यात भारी होता.

डकटेल्स आणि टेलस्पिन नंतर आले, तेही रविवारीच. डकटेल्समध्ये तीन पुतणे आणि त्यांचा कंजूष श्रीमंत अंकल स्क्रूज, नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा. आमच्याकडे व्यापार खेळाचा डबा होता, त्यातल्या सगळ्या नोटा सतरंजीवर पसरून चिनू त्यात पोहायचा, दोन-चार नोटा दर वेळी फाटायच्या आणि मग मी कणकेच्या खळीने त्या चिकटवायचे. खेळात बँक कायम त्याच्याकडे. मुंबई विकत घ्यायची सोडून तो बँक सांभाळायचा, ते त्याला जास्त आवडायचं.

पण टेलस्पिनने आमची पार पंचाईत केली. कारण त्यात बालू. तोच बालू, पण हा टोपी घालून विमान चालवतोय, सामानाची वाहतूक करतोय, आणि शेरखान चक्क सूट घालून मोठ्या बिल्डिंगमध्ये बसलेला उद्योगपती. हे काय झालं? चिनूचं म्हणणं असं की मोगली मोठा होऊन गावात गेल्यावर बालूने जंगल सोडलं आणि नोकरी धरली. माझं म्हणणं हा बालू वेगळाच, नाव तेवढं सारखं. आता कळतं की डिस्नेने त्यांच्या 1967 च्या सिनेमातली पात्रं उचलून 1990 मध्ये ही वेगळी मालिका केली होती, आणि आमचा मोगली जपानी, म्हणजे या दोन बालूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही, मधला दुवा फक्त किपलिंग. पण मला सांगा, दूरदर्शनवर एका बालूनंतर दुसरा बालू बघणाऱ्या पोरांना चिनूचीच गोष्ट जास्त खरी वाटणार ना? मलाही मनातून तीच आवडायची. मोगली गेला म्हणून बालू उडायला लागला. मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

कार्टूनच्या मधल्या वेळात, किंवा एखादा कार्यक्रम लवकर संपला की दूरदर्शन एक छोटी फिल्म लावायचं, एक अनेक और एकता. ती माहीत नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणार नाही. पक्षी जाळ्यात अडकतात आणि सगळे मिळून जाळंच घेऊन उडतात. तिच्यात पोरं एका दीदीला विचारतात अनेक म्हणजे काय आणि ती दीदी समजावून सांगते. चिनू ते लागलं की माझ्याकडे बघून हसायचा, कारण आमच्याकडे हेच चालायचं दिवसभर, ताई हे म्हणजे काय, ताई ते म्हणजे काय. खूप नंतर कळलं की ही फिल्म विजया मुळे यांची, आपल्या मराठी बाई, 1974 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली, अॅनिमेशन भीमसेन यांचं आणि संगीत वसंत देसाईंचं. सात मिनिटांची फिल्म. 2019 मध्ये मुळे बाई गेल्या तेव्हा वय 98. त्या दिवशी चिनूने मला फक्त त्या फिल्मची लिंक पाठवली, सोबत एक अक्षर नाही. बाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं, आपल्या सगळ्यांना एवढं शिकवून गेलेलं माणूस, आणि आपल्यातल्या निम्म्यांना नावही माहीत नाही.

आता बोट. मला सगळ्यात जास्त तिच्याविषयीच लिहायचं होतं खरं तर.

श्रावणात सोमवारी हरिपूरला संगमेश्वराची जत्रा असते, कृष्णा आणि वारणेचा संगम आहे तिथे. सांगलीहून चालत जाता येतं, आम्ही चालतच जायचो, रस्त्यात भिजत. तिथे एक माणूस मोठ्या परातीत पाणी घेऊन बसायचा आणि त्या पाण्यात पत्र्याच्या छोट्या बोटी गोल गोल फिरत असायच्या, फट फट फट फट आवाज करत. ना सेल, ना चावी. आम्ही त्या परातीपुढे इतका वेळ उकिडवे बसलो की बाबांनी शेवटी एक घेतली. एकच अर्थात.

घरी आल्यावर कळलं की ती चालवायला खरोखर दोघं लागतात. बोटीच्या पोटात एक चपटी पत्र्याची डबी, तिच्यातून दोन बारीक नळ्या मागच्या बाजूने पाण्याखाली निघतात. आधी त्या नळ्यांमधून डबीत पाणी भरायचं, एका नळीत तोंडाने हळूहळू पाणी सोडायचं ते दुसरीतून बाहेर येईपर्यंत. हे काम चिनूचं, त्याचे गाल फुगलेले आणि डोळे बाहेर. मग दोन्ही नळ्यांवर बोट दाबून, पाणी सांडू न देता, बोट हौदात सोडायची. तोवर मी आईच्या देवघरातली वात घेऊन, खोबरेल तेलात बुडवून, इवल्याशा पत्र्याच्या चमच्यात ठेवून पेटवायची, आणि तो चमचा अलगद त्या डबीखाली सरकवायचा. काडी पेटवायची परवानगी मोठी म्हणून मलाच. मग दोघांनी हौदाच्या कठड्यावर हनुवटी टेकवून वाट बघायची. काही होत नाही. काही होत नाही. तेलाचा धूर, पत्रा तापल्याचा वास, बोटीचा रंग थोडासा करपतोय. आणि मग एकदम पहिलं फट. मग थांबून दुसरं. आणि मग ती निघायची, फटफटफटफट, सिमेंटच्या हौदाच्या कडेकडेने, शेवाळ्याला घासत, आणि आम्ही दोघं तिच्याबरोबर हौदाभोवती.

चिनू पुढे वालचंद कॉलेजात मेकॅनिकल करून इंजिनियर झाला आणि मला वाटतं त्याची सुरुवात त्या हौदावर झाली. ती बोट चालते कशी ते त्याने मला कॉलेजात गेल्यावर समजावलं. डबीतलं पाणी तापून वाफ होते, वाफ नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे जाते. वाफ नळीत गेल्यावर थंड होऊन आटते, मग बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, ते परत तापतं, आणि परत धक्का. हेच फट फट. मी विचारलं, मग पाणी आत घेताना बोट मागे का येत नाही? तर तो इतका खूश झाला की बास. म्हणाला बाहेर जाताना पाणी एका रेषेत सुसाट जातं, पण आत येताना चारी बाजूंनी गोळा होऊन येतं, म्हणून मागची ओढ नावाला आणि पुढचा धक्का खरा. थॉमस पियो नावाच्या माणसाने 1891 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं म्हणे. शंभर वर्षांनी ते हरिपूरच्या जत्रेत परातीत फिरत होतं, आणि खोबरेल तेलावर चालत होतं. मला त्या परातवाल्या माणसाविषयीही फार वाटतं, आम्ही त्याच्याकडून एक बोट घेतली आणि त्याबदल्यात त्याने तासभर फुकट बघू दिलं.

बोट आली म्हणून त्या दिवाळीत आमचा किल्ला बदलला. नाहीतर दर वर्षी विटा, वर गोणपाट, वर चिखल, त्यावर आळीव टाकायचे, वर सिंहासनावर महाराज, खाली गुहेत मातीचा वाघ, ठरलेलं. त्या वर्षी चिनू म्हणाला जलदुर्ग करायचा. 1664 मध्ये महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला हे मला नुकतंच चौथीच्या इतिहासात शिकवून झालं होतं, त्यामुळे नकाशाचं काम माझ्याकडे. प्लॅस्टिकचा कागद अंथरून समुद्र केला, मध्ये बेट, बेटाला तट. कुंभाराकडून आणलेले भालेवाले मावळे तटावर. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं जमली असताना आम्ही समुद्रात बोट सोडली. चिनूने पाणी भरलं, मी वात लावली. बोट महाराजांच्या किल्ल्याला प्रदक्षिणा घालत होती, गल्लीत फटाके वाजत होते तरी तिचं फटफट ऐकू येत होतं कारण सगळे चिडीचूप उभे होते. बाबासुद्धा बँकेतल्या मित्रांना बोलवून घेऊन आले होते. आळीव चांगले उगवले होते त्या वर्षी, तट हिरवागार दिसत होता.

बोट पुढच्या उन्हाळ्यात फुटली, डबीचा सांधा उकलला. बाबा दुसरी आणू म्हणाले, आम्हीच नको म्हटलं.

मग घरी कलर टीव्ही आला, मग केबल. कार्टून नेटवर्क आपल्याकडे 1 मे 1995 ला सुरू झालं, सुरुवातीला सगळं इंग्रजीत, आणि रात्री तोच चॅनेल टीएनटी होऊन जुने इंग्रजी सिनेमे लावायचा, म्हणजे रात्री अचानक कार्टून जाऊन हॅटवाली माणसं यायची आणि चिनू फार हिरमुसायचा. इंग्रजी आम्हा दोघांनाही यथातथाच, त्यामुळे स्वॅट कॅट्समधली दोन मांजरं विमानातून काय ओरडतात ते आम्ही आपापल्या मनाने ठरवायचो. पण टॉम अँड जेरीला भाषाच लागत नाही. 1940 पासून चाललेलं ते, सात ऑस्कर मिळालेलं, आणि त्यात टॉम पियानो वाजवतो तो भाग आम्ही किती वेळा बघितला असेल. तो लिस्ट नावाच्या संगीतकाराची हंगेरियन धून वाजवत असतो हे मला पार मोठेपणी कळलं, रेडिओवर लागली तेव्हा मी भाजी चिरता चिरता ओरडले, अरे ही तर टॉमची. तर त्यात वाटणी अशी झाली होती, मी जेरी, चिनू टॉम. जेरी मी पहिल्याच दिवशी घेतला. घरभर पळापळी चालायची, मी पुढे, तो उशी घेऊन मागे, आणि शेवटी कपाटाला धडकून पाय वर करून पडायचं काम त्याचं. ते तो इतकं सुंदर करायचा की आजी डोळ्याला पदर लावून हसायची. मग पुढे कंपास आणला तर त्याला टॉमचा, वाढदिवसाला टीशर्ट टॉमचा, तो नोकरीला लागला तेव्हा मी कॉफीचा मग दिला त्यावरही टॉम. आमच्या घरात हे धरूनच चाललेलं.

2004 ला पोगो आलं तोवर आमची कॉलेजं चालू झाली होती, त्यामुळे पुढची कार्टून्स आम्हाला माहीत नाहीत. चिनू आता पुण्यात, मी ठाण्यात. त्याला दोन मुलं, दोघांना दोन टॅब. मी त्याच्यावर टीका करत नाही, मुलं हुशार आहेत, त्यांना जपानी कार्टून जपानी आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पण मला एक गोष्ट खुपते. मागे त्यांच्याकडे राहिले होते तेव्हा मुलाला विचारलं, तुझी ताई काय बघते रे? तर त्याला माहीत नव्हतं. एकाच सोफ्यावर, दोघांच्या कानात हेडफोन. मी दुसऱ्या दिवशी शेल्फवरची एक जुनी लग्नपत्रिका घेतली आणि कात्री मागितली. संध्याकाळपर्यंत दोघांचं भांडण लागलं होतं, टिचकी कोणी मारायची आणि पकडायचं कोणी.

आता गेल्या महिन्यात चिनूच्या मुलीला शाळेने लिहून आणायला सांगितलं, आई-बाबांच्या लहानपणची कार्टून्स. तिने मला व्हिडिओ कॉल केला, वही पेन घेऊनच बसलेली, आत्या तुझं फेवरेट कोण? मी म्हटलं, माझा जेरी आणि तुझ्या बाबाचा टॉम. तर मागून, कपड्यांच्या घड्या घालता घालता चिनूचा आवाज आला, टॉम नव्हता गं ताई माझा कधीच.

मी म्हटलं, अरे काय बोलतोयस? कंपास, टीशर्ट, कॉफीचा मग?

ते सगळं तूच आणलंस, म्हणाला. मला पण जेरीच आवडायचा. पण तू आधी घेतलास ना तो. मग कोणीतरी टॉम व्हायला नको का, नाहीतर पळापळी कशी खेळणार?

इतकी वर्षं. मला काही क्षण काही सुचेना, मग मी म्हटलं, बरं मग आता तू घे जेरी, मी होते टॉम, तुझ्या मुलीच्या वहीत तसं लिहू या. त्याने हातातली चादर मुलीच्या डोक्यावर टाकली आणि म्हणाला, छे, आता कशाला, पडायची सवय झालीये मला. मुलगी चादरीतून बाहेर येऊन वैतागली, म्हणाली, आत्या, बाबा, मला उद्या द्यायचंय, बाबाच्या नावापुढे नक्की काय लिहू? आणि आम्ही दोघं एकदमच बोललो, टॉम.